आक्का, तुझ्या हातच्या रातच्या पोळ्या

आक्का, चूक माझी होती. हे वाक्य आज सकाळपासून मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा उठून गच्चीवर गेलो. आता उठणार नाही. दोन वर्षांपूर्वी, जालन्याच्या याच घरात, एका रविवारी सकाळी तू पाहुण्यांना भरून दिलेल्या बशा मी त्यांच्या हातातून काढून घेतल्या. त्यातलं अन्न कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हसत हसत म्हणालो, "काय करणार सर, जुनी सवय आहे, जात नाही." तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. हातात पाण्याचे ग्लास होते.

वंदना म्हणते, भावाबहिणीत बोलणं होतंच, एवढं मनाला लावून घेऊ नका, आक्का कधीच विसरल्या असतील. माझी बायको मनाची चांगली आहे म्हणून असं म्हणते. तू विसरली नव्हतीस. चौथ्या दिवशी तू पिशवी भरलीस आणि गावाला, केदारखेड्याला निघालीस. मी विचारलं, "अशी मधेच?" तर म्हणालीस, "कापूस फुटलाय. वेचाया मानूस मिळंना." आपल्या दोन एकरांत त्या वर्षी तूर होती आक्का. तुलाही माहीत होतं, मलाही. मी स्टँडवर सोडायला आलो, भोकरदनच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली आणि तुझ्या मांडीवर केळी ठेवली. बस हलेपर्यंत माझ्या तोंडात एकच वाक्य फिरत होतं. ते बाहेर आलंच नाही.

तू गेलीस, आणि काल तुझा जलदान विधी झाला. काल रात्री उशिरा घरी आलो. आज घरात माणसं आहेत, चहा होतो आहे, फोन वाजतो आहे आणि मला एका जागी बसवत नाही. फ्रीज उघडतो, बंद करतो. त्याला तू थंडं कपाट म्हणायचीस.

तू आमच्याकडे आलीस तेव्हा आमची मुलगी मैत्री चौथीत होती. वंदनाची शाळा घनसावंगीकडे, सकाळी सातची बस, परत यायला संध्याकाळचे सात. मी दहा ते पाच कॉलेजात. पोरगी शेजाऱ्यांच्या भरवशावर. मीच तुला बोलावलं. "आक्का, ये ना, तुझ्याशिवाय कोण आहे मला," असं म्हणालो होतो. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा आणि तू पंधराची. लग्न होऊन वर्षाच्या आत तू परत आलीस, ते माझ्यासाठी आलीस की तिकडच्या त्रासाला कंटाळून, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता ते विचारण्यासारखं कुणी उरलं नाही.

पहिल्याच दिवशी तू फ्रीज उघडलास आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस.

"एवढं उरलंय, आन् तुमी बाहेरून मागवून राह्यले?"

वंदना ओशाळली. "वेळच मिळत नाही हो आक्का."

"येळ कशाला लागतो? हे पाय. वाटीभर वरान हाय. भात हाय. दुकानातून शेव आन, पावशेर. कोथिंबीर आन."

वीस मिनिटांत ताट आलं. कालच्या वरणाला लसणाची फोडणी, त्यात येसर मसाला, वरून जेवायला बसताना टाकलेली जाड शेव. भातात कांदा, ज्वारीचं पीठ, तीळ घालून तव्यावर थापलेली थालीपिठं. वंदना दोन घास खाऊन थांबली आणि म्हणाली, "आक्का, मला हे शिकवा." तेव्हा तू तुझा नियम सांगितलास: एक उरलेलं, एक दुकानातलं, एक ताजं. तिन्ही जमलं की जेवण झालं. ताजं म्हणजे नुसतं लिंबू असलं तरी चालेल, पण पाहिजेच. "न्हाईतर त्वांडाला कळतं, आपल्याला कुनी उरकून टाकलं म्हनून."

त्या रात्री मी तुझं कौतुक केलं नाही. मी म्हणालो, "आक्का, एक सांगू? या घरात शिळं खायचं नाही. आपल्या बाची शपथ आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. "कशाची शपथ?"

"शिळं शिवायचं नाही म्हणून. तुझ्यासमोर तर घेतली होती."

"माझ्यासमोर म्हनून सांगते. तुला आठवतं ते आर्धं आठवतं."

"मग पूर्ण काय आहे?"

"तुझं तू आठव. मोठा प्रोफेसर हायेस," म्हणालीस आणि मिक्सर चालू केलास. मला वाटलं थट्टा करते आहे.

आपला तो वाद चार वर्षं चालला. मी घरी असलो की सगळं ताजं व्हायचं. मी नसलो की घरात काय चालतं हे मला ठाऊक होतं. शनिवारी कॉलेजातून लवकर आलो तर मैत्री तोंड पुसत आत पळायची आणि घरभर फोडणीचा वास असायचा. रात्रीचं उरलेलं तू दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, घर रिकामं झाल्यावर, एकटी खायचीस. हेही मला ठाऊक होतं. माझ्या बाच्या शपथेत तू बसत नव्हतीस का? हा प्रश्न त्या चार वर्षांत मला एकदाही पडला नाही. आज फ्रीजच्या दाराशी उभा राहिलो आणि पडला.

दुसरा वाद तयार मसाल्यांचा. तो मात्र गमतीचा होता आणि त्यात मी हरायचो. मी म्हणायचो, पुड्यातला येसर काय येसर आहे, तू घरी भाजायचीस त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. तर तू दोन्ही तळहात माझ्यासमोर धरायचीस.

"हे बघ. जात्यावर गेले हे हात. दुकानदार भाजून, दळून, पुडा बांधून देऊन राह्यला, आन् मी कशाला धूर खाऊ? तुझ्या बायकोनं घनसावंगीहून यायचं आन् खलबत्त्यात कुटत बसायचं? तू कूट. बस खाली."

एकदा खरंच बसवलंस मला. दहा मिनिटांत माझा दंड भरून आला. मैत्री टाळ्या वाजवत होती. त्यानंतर पुड्याविरुद्ध बोलायची माझी टाप नव्हती. दुकानातल्या वस्तूंची तुला नवलाई होती. बेकरीचे टोस्ट, आलं-लसणाची तयार पेस्ट, डोशाचं पीठ, भाजलेल्या शेवया. पाकीट हातात घेऊन उलटसुलट करायचीस, मैत्रीकडून मागचं वाचून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "म्हंजे अर्धं काम झालेलं हाय. ऱ्हायलेलं आपलं." मुरमुरे भिजवून, पिळून, शेंगदाण्याचा कूट घालून तू सुशीला करायचीस. ते मला चालायचं, कारण मुरमुरे विकतचे असतात. विकतचं चालायचं आणि घरचं उरलेलं चालायचं नाही. कसली लाज होती ही, आक्का? तेव्हा मी तिला तत्त्व म्हणायचो.

आता त्या रविवारचं. टाळत होतो. मधे उठून बागेला पाणी घालून आलो. बाग म्हणजे चार कुंड्या.

काळे सर नुकतेच आमच्या विभागाचे प्रमुख झाले होते. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला दोघं नवरा-बायको न सांगता आले. नऊ वाजले असतील. वंदना प्रशिक्षणाला गेली होती. मी त्यांना बसवलं, तुला आत येऊन म्हणालो, "चहा ठेव, मी गरम कचोरी घेऊन येतो." गाडी काढून गेलो. कचोरीवाल्याकडे गर्दी होती, अर्धा तास लागला. परत येतो तर बैठकीत हसण्याचा आवाज. काळे मॅडम मांडी घालून सोफ्यावर बसल्या होत्या. दोघांच्या हातात बशा. बशांत फोडणीचे कुटके, बारीक चुरलेल्या पोळीचे, हळदीने पिवळे झालेले, वर शेव, कोथिंबीर, बाजूला दही.

मॅडम मला म्हणाल्या, "अहो, किती छान झालंय हे! ताईंना विचारतेय कशाचं आहे, तर सांगेचनात."

तू पाणी घेऊन येत होतीस. तू खुशीत होतीस, आक्का, तुझा चेहरा मला दिसतो आहे. म्हणालीस, "काय न्हाई हो. रातच्या पोळ्या उरल्या व्हत्या."

बस. तेवढंच म्हणालीस. काळे सरांनी घास तोंडात घातला होता. त्यांनी तो थांबवला नाही, वाकडं तोंड केलं नाही, काही केलं नाही. हे मी आता शपथेवर सांगू शकतो, कारण गेली दोन वर्षं मी तो क्षण पुन्हा पुन्हा बघितला आहे. पण त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं की माझ्या साहेबाच्या हातात शिळं आहे आणि ते माझ्या घरात दिलं गेलं आहे. यांना आमचं आडनाव माहीत आहे. आमचा आजा कुणाच्या दारात भाकरीचे तुकडे मागायला उभा राहायचा, हे यांना सांगावं लागत नाही. आता हे मनात म्हणणार, पदव्या घेतल्या, घर बांधलं, पण.

त्या "पण"च्या पुढचं वाक्य त्यांनी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकलं. "ठेवा हो ते. आक्का, पाहुण्यांना शिळं देतात का?" बशा ओढून घेतल्या. आत जाऊन कचऱ्यात रिकाम्या केल्या. आणि परत येऊन, कचोरीचा पुडा उघडता उघडता, ते सवयीचं वाक्य.

काळे सर म्हणाले, "अहो, आमच्याकडेही..." पुढे त्यांना बोलू दिलं नाही. कचोरी खूप गरम आहे, खूप प्रसिद्ध आहे असं काहीतरी बोलत राहिलो.

सवय. त्या एका शब्दात मी आपल्या आज्याला आणि बाला, सगळ्यांना त्या बैठकीत आणून उभं केलं आणि मी एकटा सोफ्यावर जाऊन बसलो. आपल्याला हे ऐकवणारे गावात कमी नव्हते. पण त्यांच्या तोंडून ऐकलं तर आपण उलटून बोलायचो. तू माझ्या तोंडून ऐकलंस. तू ग्लास टीपॉयवर ठेवलेस, पदर नीट केलास आणि आत गेलीस.

त्यानंतरची दोन वर्षं मी महिन्यातून एकदा केदारखेड्याला येत राहिलो. दर वेळी पिशव्या भरून. बदाम, तूप, ब्लँकेट, मिक्सर. तू सगळं ठेवून घेतलंस. चहा केलास. वंदनाची कंबर कशी आहे विचारलंस. मी जालन्याहून निघताना ठरवून यायचो की आज बोलायचं. गाव जवळ येऊ लागलं की पिशव्यांत काय काय आणलंय तेच मनात मोजू लागायचो. एकदा सुरुवात केलीही.

"आक्का, त्या दिवशी..."

"कोनत्या दिवशी?"

"काळे सर आल्ते तेव्हा." तुझ्यासमोर माझी भाषा आपोआप गावाकडची होते.

"आल्ते व्हय? बरं झालं. लगीन झालं का पोरीचं?"

"झालं."

"मंग झालं तर. चा घे, गार होऊन राह्यला."

मी चहा घेतला. तू मला सोडवलंस असं वाटून सुटकेचा श्वास घेतला. आता वाटतं, तू सोडवलं नव्हतंस. मी दुसऱ्यांदा म्हणतो का, हे तू पाहत होतीस.

दुसऱ्या वेळी मी म्हणालो, "घरी चल. मैत्री आठवण काढते." तेव्हा तू पहिल्यांदा आणि शेवटचं बोललीस. शेंगा फोडत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "तुझ्या घरात ताज्याचंच चालतं, गुरुजी. मी आता शिळी झाले." रागावलीस की तू मला गुरुजी म्हणायचीस. मी हसलो. हसण्यावारी नेलं, आक्का. तेव्हाच पाय धरायला हवे होते.

मग तो फोन आला. मी वर्गावर होतो. शेजारचा म्हणाला, "सर, जल्दी या, आक्का उठून न्हाई राहिल्या." मी पोचलो तेव्हा बायांनी तुला पांढरी साडी नेसवली होती. बाकीचं लिहीत नाही. ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

मला जे एकट्याला कळलं ते लिहितो. तू गेल्यानंतर चौथ्या दिवशी कपडे आणायला मी आणि मैत्री जालन्याला आलो. संध्याकाळ झाली होती. वंदना गावीच. मैत्री म्हणाली, "पप्पा, दोन घास खाऊन निघू." ती आत गेली आणि थोड्या वेळाने ताट घेऊन आली. थालीपीठ होतं. मी घास घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगदी आक्काच्या हातचं लागतंय."

पोरगी तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.

"काय झालं गं?"

"पप्पा, ते आत्याचंच आहे. म्हणजे तिनं सांगितलेलं. सगळं तिनंच सांगितलेलं असतं."

"सगळं म्हणजे?"

"रोज सहा वाजता मी तिला फोन करायची. फ्रीजमध्ये काय आहे ते सांगायची. ती सांगायची काय कर. दोन वर्षं."

मी ताटाकडे बघितलं. "हे कशाचं आहे?"

"मागच्या आठवड्यातली डाळ-वांग्याची भाजी फ्रीजरमध्ये होती. आणि दुकानातलं भाजणीचं पीठ. आणि कांदा." मग हळूच म्हणाली, "एक उरलेलं, एक दुकानातलं, एक ताजं."

खरं सांगतो, आक्का, मला पहिल्यांदा राग आला. फसवलं गेल्यासारखं वाटलं. बुधवारी पोरगी कटलेट करायची, ती मंगळवारच्या साबुदाण्याची आणि बेकरीच्या ब्रेडची. पाहुणे आल्यावर मी ज्या वड्यांचं कौतुक केलं ते आदल्या दिवशीच्या खिचडीचे. मी माझ्या घरात शपथ पाळत होतो आणि दोन वर्षं रोज रात्री शिळं खात होतो, मिटक्या मारत. दहावीची पोरगी अभ्यास सोडून आमच्या तिघांचा स्वयंपाक करते, त्याचा राग मला कधी आला नव्हता. याचा आला. नंतर त्याचीही लाज वाटली.

मी म्हणालो, "आत्याला माहीत होतं मला हे चालत नाही. आजोबांची शपथ आहे."

"माहीत होतं. तीच म्हणायची, सांगू नको त्याला. शिळ्याचं भ्या बसलंय त्याच्या मनात लहानपणापासून."

"लहानपणी काय झालं ते मला आठवतं. मोठ्या वाड्यातलं लग्न होतं. आक्का तिथे भांडी घासायला गेली होती. पंगती उठल्यावर त्यांनी तिच्या पदरात उरलेली बुंदी आणि पुऱ्या टाकल्या. ती घरी घेऊन आली. आजोबांनी सगळं नालीत फेकलं. म्हणाले, दीक्षा घेतली ती कशाला? कुणी टाकलेलं या घरात येणार नाही."

"आणि?"

"आणि काय? मी रडलो. सहा वर्षांचा होतो."

मैत्रीने डोळे पुसले. "पप्पा, पुढचं तुम्हाला खरंच आठवत नाही?"

मला खरंच आठवत नव्हतं. बुंदी नालीत पडलेली आठवत होती, तिचा रंग आठवत होता, बाचा आवाज आठवत होता. त्याच्यापुढे काहीच नाही. मग माझ्या पोरीने मला माझी आठवण सांगितली. तू तिला फोनवर सांगितलेली. मी रडून रडून थांबत नव्हतो. घरात सकाळच्या तीन भाकरी होत्या, बाकी काही नाही. तू दुकानात गेलीस, तिथून छटाकभर तेल, एक कांदा आणि मूठभर शेंगदाणे आणलेस. भाकरी हाताने चुरलीस. फोडणी दिलीस. बाला, मला आणि स्वतःला सारखं वाढलंस. बाने विचारलं, "हे काय केलं?" तू म्हणालीस, "हे आपलं हाय. आपल्या जवारीचं. सकाळचं हाय, पन आपलं हाय." आणि बा जेवला. बोटं चाटून जेवला. म्हणाला, "असं कर रोज."

तर ही होती बाची शपथ. दुसऱ्याने टाकलेलं खायचं नाही आणि आपलं टाकायचं नाही. दोन्ही एकाच संध्याकाळी झालं होतं. मी पहिलं धरून ठेवलं आणि त्याच्या नावाखाली आयुष्यभर दुसरं टाकत आलो. आणि त्या रविवारी पाहुण्यांच्या बशांमधून मी जे कचऱ्यात ओतलं ते काय होतं, हे तुला दिसत होतं. तू सांगू शकली असतीस. तिथेच सांगू शकली असतीस. प्रोफेसरला त्याच्या साहेबासमोर खाली पाहायला लावायचं नाही म्हणून तू गप्प राहिलीस. नाहीतर गप्प राहणं तुझ्या स्वभावात कधी नव्हतं.

मैत्रीने मग एक प्रश्न विचारला. त्याच्यामुळे मला गेले इतके दिवस झोप नाही.

"मग तुम्ही आत्याला काळे सरांसमोर तसं का बोललात?"

"तुला आत्यानं सांगितलं?"

"नाही. तिनं कधीच नाही काढलं. मी आतल्या खोलीत होते."

मी ताटातलं सगळं खाल्लं. उष्टं काही ठेवलं नाही. उठून अंगणात आलो आणि काळे सरांना फोन लावला. ते म्हणाले, वाईट झालं, ताई फार प्रेमळ होत्या. मी म्हणालो, "सर, जलदान विधीला तुम्ही आणि मॅडम, दोघांनी यायलाच पाहिजे. केदारखेड्याला." इतक्या आग्रहाने मी त्यांना कधी कशाला बोलावलं नव्हतं. "येतो," म्हणाले.

काल ते आले. मांडवात पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत सर, पलीकडे बायांमध्ये मॅडम. बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. गावातले लोक एकेक करून माइकवर बोलले. तू कुणाच्या बाळंतपणाला उभी राहिलीस, पोरींच्या शाळेसाठी कुणाशी भांडलीस, ते सगळं आलं. चुलत्यांनी बोलता बोलता म्हटलं, "आक्का म्हंजे बिलकुल तिखट मिरची," तेव्हा त्या दुःखातही बाया हसल्या. मग माझं नाव घेतलं. माझ्या खिशात दोन पानं लिहिलेली होती, जन्म, कष्ट, त्याग, संस्कार, नेहमीचं सगळं. मी ती बाहेर काढली आणि घडी न उघडता परत ठेवली. पंचवीस वर्षं वर्गात बोलतो मी आक्का, कधी माइक धरावा लागला नव्हता इतका घट्ट धरला.

मी म्हणालो, "काळे सर, मॅडम, तुम्ही दोघं जरा उभे राहता का?" लोकांना काही कळेना. ते दोघं उभे राहिले, गोंधळून. मागे मैत्री उभी राहिली, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या घरी आलात. माझ्या बहिणीनं तुम्हाला खायला दिलं. मॅडम, तुम्ही विचारलं होतं कशाचं आहे. ते आमच्या घरच्या पोळ्यांचं होतं. आमच्या बापानं आम्हाला शिकवलेलं होतं, आणि ती ते मानानं करायची. मी ते तुमच्या हातातून ओढून कचऱ्यात टाकलं, आणि तुमच्यासमोर म्हणालो की ही तिची जुनी सवय आहे. मला लाज वाटली होती. तुमची नाही, तिची नाही, आमच्या आज्याची. ज्याची लाज वाटायला नको होती त्याची. मी ते वाक्य आज तुमच्यासमोर, या गावासमोर आणि माझ्या मुलीसमोर परत घेतो."

मग मी तुझ्या फोटोकडे वळलो. माइक बाजूला केला, पण मांडव इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

"आक्का, माझं चुकलं. त्या दिवशी चुकलं, आन् नंतर दोन वरसं गप बसलो ते जास्त चुकलं. मला माफ कर."